काळ्या ऑइलची साक्ष

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांच्या गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-अहिल्यानगरपर्यंतचे रस्ते ट्रॅक्टरांचे होतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, चढाला काळा धूर, फडाच्या वाटेवर घोट्याएवढा फुफाटा आणि कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत तसंच चालू ठेवलेलं इंजिन. वर्षाचं निम्मं-अधिक काम हे इंजिन या चार-पाच महिन्यांत उरकतं. ज्या घरानं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, त्या घराचे हप्ते याच महिन्यांत सुटायचे असतात.

हंगाम उताराला लागला की गॅरेजात ठरावीक तक्रारी यायला लागतात. ऑइल खातोय. ताकद कमी झाली. ब्रीदरमधून बॅक मारतोय. मिस्त्री डिपस्टिक काढतात, बोटावर थेंब चोळतात, वास घेतात. मग हाफ इंजिनचा विषय निघतो. लायनर, पिस्टन, रिंगा, बेरिंगं, टर्नरकडचं काम आणि ऐन धंद्यात बसून गेलेले दिवस, असा हा खर्च असतो. तो टाळावा म्हणून मालक हंगामाआधी ऑइलच्या दुकानात जातो. तिथं एकीकडं वीस लिटरच्या बादल्यांची रांग असते, दुसरीकडं रंगीत बाटल्यांची. या बाटल्या झीज निम्म्यावर आणण्याचं, ताकद वाढवण्याचं, जुनं इंजिन नवं करण्याचं वचन देतात.

बाटली घ्यावी का, कोणतं ऑइल घालावं, हे प्रश्न मी मिस्त्री, टर्नर, पंप-नोझलवाले आणि ऑइल दुकानदार यांच्याकडं नेले. त्यांच्या अनुभवाला इंजिनशास्त्राची जोड दिली, तेव्हा माझं मत पक्कं झालं. ऑइलची निवड दुकानात सुरू होत नाही. आपलं इंजिन नेमकं कुठं आणि कशानं झिजतंय, हे आधी ओळखावं लागतं. धुळीनं झिजणाऱ्या इंजिनाला महागातलं ऑइल वाचवत नाही, आणि चुकीच्या ऑइलनं झिजणाऱ्याला कुठलीही बाटली तारत नाही.

लायनरची वरची कड

झिजलेला लायनर हातात घेतला की मिस्त्री त्याच्या आत वरच्या कडेजवळ नख फिरवायला सांगतात. नख अडतं. तिथं एक पायरी तयार झालेली असते. तिच्यावरचा भाग कोरा, नव्यासारखा. तिच्या खालची जागा सगळ्यात जास्त खाल्लेली. आणखी खाली, लायनरच्या मध्यावर, झीज त्या मानानं फारच कमी. टर्नर डायल लावून माप सांगतो ते ‘थाऊ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. एवढी झीज झाली की बहुतेक ट्रॅक्टर इंजिनांचा लायनर कामातून गेलेला असतो.

झीज नेमकी तिथंच का होते? याचं उत्तर इंग्लंडमध्ये १८८३ साली सुरू झालेल्या एका शोधात सापडतं. बोशॅम्प टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. बेरिंगच्या माथ्यावर ऑइल सोडायला एक भोक होतं. आस फिरू लागला की त्या भोकातून ऑइल उलटं वर येई. टॉवरनी लाकडी बूच ठोकलं, तर तेही हळूहळू बाहेर ढकललं गेलं. शेवटी त्यांनी दाबमापक बसवला. बेरिंगवरच्या भाराचा सरासरी दाब चौरस इंचाला शंभर पौंड होता, आणि मापकाचा काटा दोनशेच्या पुढं गेला. फिरणारा आस स्वतःच ऑइलला आपल्याखाली खेचून घेत होता आणि त्या ऑइलच्या थरावर अक्षरशः तरंगत होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. आजही प्रत्येक क्रँकशाफ्टचं बेरिंग त्याच गणितावर उभं आहे. थर काही मायक्रॉनांचाच असतो, भाराखाली त्याहूनही पातळ होतो. पण तो टिकला तर धातूला धातू लागत नाही.

हे तरंगणं वेगावर अवलंबून आहे. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. थांबतो त्या क्षणी वेग शून्य, आणि नेमका तेव्हाच वर ज्वलनाचा दाब आणि उष्णता सर्वाधिक. तिथं ऑइलचा थर फाटतो आणि रिंग लायनरला घासते. नखाला लागते ती पायरी अशी तयार होते. कॅम आणि टॅपेटमध्येही अशीच अवस्था येते. चालू करतानाच्या पहिल्या काही सेकंदांत, ऑइल वरपर्यंत पोहोचण्याआधी, बाकीच्या जागांवरही तेच घडतं.

या जागा राखण्यासाठी प्रत्येक चांगल्या डिझेल ऑइलमध्ये कारखान्यातच एक रसायन घातलेलं असतं: झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, थोडक्यात झेडडीडीपी. १९४० च्या दशकापासून ते वापरात आहे. आधी ते ऑइल सडू नये, बेरिंगं गंजू नयेत म्हणून घालत. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. घर्षण आणि उष्णता यांमुळं ते धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा थर चढवतं. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. बिडाचा तवा जसा वापरात मुरत जातो, तसा हा थर चालत्या इंजिनातच तयार होतो, झिजतो आणि पुन्हा चढतो. धातूऐवजी तो झिजतो. बाहेरून टाकायच्या बाटलीचं मोल ठरवताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण बाटलीवर छापलेलं काम बादलीतलं ऑइल आधीपासूनच करत असतं.

काळं पडणं हा दोष नव्हे

“ऑइल दोन दिवसांत काळं पडलं, म्हणजे हलकं आहे,” ही दुकानात सर्रास ऐकू येणारी तक्रार. डिझेल इंजिनात ती बहुतेक वेळा चुकीची असते. डिझेल जळताना काजळी होतेच, आणि तिचा काही भाग रिंगांवाटे खाली उतरतो. चांगलं ऑइल ती काजळी सुट्या सूक्ष्म कणांच्या रूपात अंगात वागवतं. ते काळं दिसतं, पण इंजिन आतून स्वच्छ राहतं. काजळीचे कण एकत्र आले तर ऑइल घट्ट होतं आणि ते पुंजके झेडडीडीपीचा थर खरवडून काढतात. त्यांना सुटं ठेवणाऱ्या रसायनाला डिस्पर्संट म्हणतात.

दुसरा गडी डिटर्जंट. त्याची गरज १९३० च्या दशकात डिझेल ट्रॅक्टरांमुळंच उघड झाली. अमेरिकेत कॅटरपिलरच्या इंजिनांत त्या काळच्या साध्या ऑइलनं रिंगा खाचांत चिकटून बसत होत्या. १९३५ च्या सुमारास स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियानं डिटर्जंट घातलेलं ऑइल आणलं, आणि डिझेलसाठी वेगळं ऑइल हवं ही गोष्ट प्रस्थापित झाली. आज या कामाला बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिस्टन धुऊन ठेवणं आणि ज्वलनातून येणारं आम्ल मारणं ही त्यांची दोन कामं. ऑइलची आम्ल मारण्याची ताकद टीबीएन या आकड्यानं सांगतात.

या आकड्याबाबत जुने मिस्त्री फार आग्रही असतात, आणि त्यांच्या काळात ते बरोबरही होतं. २००० साली देशभरातल्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा २,५०० पीपीएम होती. गंधक जळून आम्ल होई आणि ते लायनर खाई. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ५० पीपीएमचं आणि १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएमचं डिझेल आलं. आम्लाचा मोठा उगम आटला. ऑइल स्वतः सडून आम्ल तयार होतंच, म्हणून टीबीएन लागतो; पण केवळ तो आकडा मोठा म्हणून ऑइल श्रेष्ठ ठरवण्याचे दिवस सरले.

खरा वैरी रस्त्यावर आहे

मी ज्या-ज्या मिस्त्रीशी बोललो, त्यानं ऑइलवर बोलता बोलता एअर क्लीनरकडं बोट दाखवलं. हिशेब करून पाहिला तर ते का, हे कळतं. एक लिटर डिझेल पुरतं जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त हवा ओढतं. दिवसाला चाळीस लिटर डिझेल जाळणारा ट्रॅक्टर फडातली, कच्च्या रस्त्यावरची चार लाख लिटरांहून अधिक हवा पोटात घेतो. त्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते लोखंडी लायनरपेक्षा कठीण असतात. डोळ्याला दिसणारा कण रिंगेच्या फटीत शिरत नाही. काही मायक्रॉनांचा, ऑइलच्या थराच्या जाडीशी बरोबरी करणारा कण शिरतो आणि दोन्ही बाजू खरवडत खाली उतरतो. तिथून तो ऑइलबरोबर बेरिंगांकडं निघतो.

जनरल मोटर्सच्या एका अभियंत्यानं १९८८ साली ऑइल फिल्टर आणि झीज यांचा संबंध मोजून मांडला. ४० मायक्रॉनचे कण अडवणाऱ्या फिल्टरऐवजी ३० मायक्रॉनचा लावला तर झीज निम्म्यानं उतरली; १५ मायक्रॉनचा लावला तर ७० टक्क्यांनी. कुठल्याही बाटलीवर छापलेल्या वचनाच्या तोडीचा हा फरक आहे, आणि तो ऑइलच्या रसायनानं नव्हे, स्वच्छतेनं पडला. म्हणून ऑइल भारीतलं घेऊन फिल्टर मात्र स्वस्तातला लावणं हा उलटा व्यवहार आहे.

हवेच्या फिल्टरचं दुखणं निराळं. तो बदलायला हवा तेव्हा बदलला जात नाही, आणि नको तितका झटकला जातो. गॅरेजात कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली की कागदाच्या घड्या फाटतात. बाहेरून फिल्टर उजळ दिसतो आणि आतून धूळ सरळ इंजिनात जाते. दगडावर आपटून झटकल्यानं त्याची कड वाकते आणि बाजूनं वाट होते. जुन्या ट्रॅक्टरांच्या ऑइल-बाथ क्लीनरमध्ये खालच्या वाटीतलं ऑइल चिखल होईपर्यंत तसंच राहतं. याहून घातक म्हणजे क्लीनर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी. तिला चीर असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर पुढचा फिल्टर कितीही चांगला असो, धूळ मागच्या दारानं आत येते. पंधरा दिवसांतून एकदा या नळीच्या आत कोरडं बोट फिरवून पाहावं. बोटाला धूळ लागली, तर ऑइलवर चर्चा करण्याआधी क्लिप आवळावी.

ऊसवाहतुकीत झिजेचं आणखी एक कारण आहे: नंबरात उभं असताना चालू ठेवलेलं इंजिन. स्टार्टर किंवा बॅटरीवर भरवसा नाही म्हणून ते बंद केलं जात नाही. भाराविना फिरणारं इंजिन नीट तापत नाही. डिझेल अर्धवट जळतं, न जळालेलं ऑइलमध्ये उतरून त्याला पातळ करतं आणि काजळी वाढते. त्यातच गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आहे. थंड लायनरवर ज्वलनातली वाफ आम्लासकट साचते आणि धातू गंजून झिजतो, हे ब्रिटनमधल्या संशोधनानं १९३० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. ज्यांना हंगामभर नंबरात थांबायचं आहे, त्यांनी चांगल्या बॅटरीवर आणि नव्या थर्मोस्टॅटवर घातलेला पैसा इंजिनाच्या आयुष्यात परत येतो.

जाड ऑइलचा मोह

“जरा जाड द्या, इंजिन जुनं आहे.” दुकानदार मग २०डब्ल्यू-५० ची बादली पुढं करतो. जाड ऑइलनं धूर थोडा कमी होतो, ऑइलचा दाब थोडा वर दिसतो आणि मालकाचं समाधान होतं. झिजलेल्या फटी मात्र तशाच राहतात.

डब्यावरचे आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १५डब्ल्यू ऑइल उणे २५ अंशांनाही पंपाला ओढता आलं पाहिजे, २०डब्ल्यू उणे २० अंशांना. आपल्याकडं निफाडला थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो, तेवढ्यापुरती दोन्ही ऑइलं वाहतात. पण सकाळी चालू करताना पातळ ऑइल कॅम-टॅपेटपर्यंत लवकर चढतं, आणि पहिल्या सेकंदांतली झीज तेवढी टळते. दुसरा आकडा १०० अंशांना मोजलेल्या जाडीचा. ४० चं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ५० चं १६.३ ते २१.९.

बेरिंगमध्ये मात्र ऑइल १०० अंशांवर शांत बसलेलं नसतं. तिथं ते प्रचंड वेगानं चिरडलं जातं. म्हणून १५० अंशांना, तशाच चिरडणीखाली आणखी एक मोजमाप घेतात. त्याला एचटीएचएस म्हणतात. ऑइलच्या जाडीचं प्रमाण ठरवणाऱ्या एसएई या संस्थेच्या प्रमाणात या मोजमापाची किमान अट १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या दोघांनाही सारखीच आहे: ३.७. म्हणजे जिथं संरक्षण खरोखर लागतं, तिथं चांगल्या १५डब्ल्यू-४० ला कमी दर्जाचं मानायला आधार नाही. कंपनीच्या पुस्तिकेत जी जाडी दिली आहे ती त्या इंजिनाच्या फटी, पंप आणि उष्णता पाहून ठरवलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टर-ट्रकांना ती १५डब्ल्यू-४० असते. शेतातल्या जुन्या एकसिलिंडर पंप इंजिनांना काही वेळा एकाच आकड्याचं, ३० किंवा ४० चं ऑइल सांगितलेलं असतं, आणि तिथं तेच योग्य.

सातारा रोडच्या कूपर कारखान्यात आणि १९४६ पासून खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये डिझेल इंजिनं घडली, पुढं १९६२ मध्ये पुण्यात कमिन्स आली. इतक्या पिढ्या या भागानं इंजिनं बनवली, पण त्यांच्याबरोबर येणारी पुस्तिका ट्रॅक्टर घरी आला की पेटीच्या तळाशी जाते. ती बाहेर काढणं हाच ऑइल निवडण्याचा पहिला टप्पा.

डब्याच्या मागची अक्षरं

डब्याच्या पुढच्या बाजूला नाव आणि वचनं असतात; मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दर्जा लिहिलेला असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या प्रमाणात डिझेल ऑइलं ‘सी’नं सुरू होतात आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. सीएफ-४ आणि सीजी-४ आता एपीआयनं मोडीत काढले आहेत, तरी त्या नावाच्या बादल्या गावोगाव मिळतात. सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा. सीआय-४ प्लस काजळी सांभाळण्यात त्याच्या पुढचा. सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये आला.

ही अक्षरं फुकट मिळत नाहीत. सीके-४ साठी ऑइलला खऱ्या डिझेल इंजिनांत उतरावं लागतं. मॅक टी-१२ या चाचणीत इंजिन ३०० तास चालवून रिंगांचं घटलेलं वजन आणि लायनरची झीज मोजतात. कमिन्स आयएसबी चाचणीत ३५० तासांनंतर कॅम आणि टॅपेट तपासतात. अशा कित्येक चाचण्या एकाच ऑइलनं पार कराव्या लागतात.

२०२० नंतरच्या बीएस-सहा ट्रकांना निवडीची मोकळीक कमी आहे. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. काजळी जाळून टाकता येते. ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही आणि फिल्टर कायमचा भरत जातो. म्हणून सीके-४ मध्ये राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे. अशा ट्रकात जुनं, जास्त राखेचं सीआय-४ ओतलं तर इंजिन कदाचित झिजणार नाही, पण त्याचा महागडा डीपीएफ बुजेल. शिवाय काजळी जाळताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली तर ऑइल ‘खात नाही’ म्हणून खूश न होता तपासणी करावी.

ट्रॅक्टरांचं निराळं आहे. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-चार हे धुराबाबतचे कडक नियम लागू झाले. त्याखालचे, म्हणजे आपल्या रस्त्यांवरचे बहुसंख्य ट्रॅक्टर, जुन्या नियमांवरच आहेत. त्यांना चांगलं सीआय-४ प्लस पुरतं, आणि सीके-४ घातलं तरी चालतं, कारण ते मागच्या दर्जांची जागा घेतं. घरात नवा ट्रक आणि जुना ट्रॅक्टर दोन्ही असतील तर दोघांसाठी सीके-४ चं १५डब्ल्यू-४० ठेवणं सोपं. बादल्यांची अदलाबदल होण्याचा धोका उरत नाही. एफए-४ हा दर्जा मात्र पातळ ऑइलासाठी आखलेल्या नव्या इंजिनांचा आहे. तो ट्रॅक्टरच्या वाट्याला जाऊ देऊ नये.

बाटलीत काय असतं

आता त्या रंगीत बाटल्या. शेतकी प्रदर्शनात एक यंत्र मांडलेलं दिसतं. फिरत्या रिंगेवर एक बेरिंग दांड्यानं दाबतात. साध्या ऑइलवर ते किंचाळतं आणि थांबतं. बाटलीतले चार थेंब टाकले की कितीही दाबा, रिंग फिरत राहते. पाहणारा भारावतो. यंत्र खोटं नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. टोकाच्या दाबाखालचा धातूचा ठिपका गिअरच्या दातांसारखा वागतो, लायनर-रिंगेसारखा नाही. अशा चाचणीत क्लोरीनयुक्त पॅराफिन उत्तम गुण मिळवतं. धातू कापण्याच्या ऑइलात त्याला जागा आहे. इंजिनाच्या उष्णतेत आणि वाफेत मात्र त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघू शकतं, आणि ते बेरिंगं गंजवतं.

अमेरिकेत ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा उत्पादनांचे पुरावे मागितले. चालू करतानाची झीज थोपवण्याचे दावे करणाऱ्या स्लिक ५० च्या प्रकरणात १९९७ मध्ये तडजोड झाली आणि पुराव्याविना असे दावे करायला बंदी आली. ड्युरा ल्यूबवर १९९९ मध्ये तक्रार दाखल झाली. त्यात क्लोरीनयुक्त द्रव्य नसल्याचा दावाही कमिशननं खोटा ठरवून तक्रारीत घेतला होता. पुढच्या वर्षी ग्राहकांच्या परताव्यासाठी वीस लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. जाहिरातीत वचन आणि हातात पुरावा यांतलं अंतर तिथं सरकारी कागदावर आलं.

सगळीच द्रव्यं टाकाऊ नाहीत. मॉलिब्डेनमची काही संयुगं घर्षण खरोखर कमी करतात, आणि ऑइल कंपन्या ती प्रमाण ठरवून ऑइलमध्ये घालतात. अडचण या प्रमाणातच आहे. झेडडीडीपी, डिटर्जंट आणि घर्षण कमी करणारी द्रव्यं धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळवायला झगडतात. एकाचा डोस वाढवला की दुसऱ्याला जागा कमी पडते. ऑइल बनवणाऱ्यानं हा तोल शेकडो तासांच्या चाचण्यांत साधलेला असतो. आपण अर्धी बाटली ओततो तेव्हा ते चाचणी पास झालेलं ऑइल राहत नाही. जाडी वाढवणाऱ्या बाटल्या झिजलेल्या इंजिनाचा आवाज दाबतात आणि दुरुस्तीची वेळ लपवतात. नुकतंच रिंग-लायनरचं काम झालेल्या इंजिनात तर काहीच टाकू नये. नव्या रिंगा लायनरवर बसण्यासाठी थोड्या घासायलाच हव्या असतात.

डिझेलच्या वाटेनं येणारी झीज

एका ठिकाणी मात्र बाहेरच्या द्रव्याची गरज शास्त्रानं मान्य केली आहे, आणि ती ऑइलमध्ये नव्हे, डिझेलमध्ये. इंजेक्शन पंप आणि नोझलचे बरेच भाग डिझेलवरच वंगण घेतात. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली नैसर्गिक वंगण देणारी द्रव्यंही निघून जातात, म्हणून कमी गंधकाच्या डिझेलला वंगणक्षमतेचं प्रमाण ठरवलं गेलं: ठरावीक चाचणीत पोलादी गोळीवर पडणारा झिजेचा वण ४६० मायक्रॉनहून मोठा नको. वंगणक्षमता वाढवणारं द्रव्य आधीच घालून डिझेल पंपावर येतं. चांगल्या पंपावरचं डिझेल घेणाऱ्याला वेगळी बाटली लागत नाही.

रॉकेलची भेसळ झाली की हा सगळा हिशेब मोडतो. रॉकेल पातळ असतं आणि त्यात वंगण कमी. कॉमन रेलच्या हजार बारहून अधिक दाबावर चालणाऱ्या पंपाला ते सोसत नाही. या भेसळीच्या धंद्यानं महाराष्ट्रात माणसाचा जीवही घेतला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलभेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. ज्याला रस्त्याकडेचं स्वस्त डिझेल ‘बचत’ वाटतं, त्यानं पंप-नोझलच्या कामाचं बिल आणि या धंद्याची माणुसकीतली किंमत, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावीत.

ऑइललाच विचारा

इंजिन न उघडता आत काय चाललंय हे सांगणारी एकच गोष्ट आहे: बदलताना काढलेलं ऑइल. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेच्या प्रयोगशाळेनं डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या ऑइलात धातूचे अंश मोजून बिघाड आधीच ओळखायला सुरुवात केली. पुढं ती पद्धत जगभर पसरली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ऑइलचे नमुने तपासले जातात.

अहवाल वाचणं अवघड नाही. सिलिकॉन वाढलं आणि सोबत ॲल्युमिनियमही, तर बहुधा धूळ आत येते आहे. एअर क्लीनर आणि नळी पाहा. लोखंड वाढलं तर लायनर किंवा कॅम, क्रोमियम वाढलं तर रिंगा. तांबं आणि शिसं बेरिंगकडं बोट दाखवतात. सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर रेडिएटरचं कूलंट ऑइलात येतंय. डिझेलचा अंश वाढला तर नोझल गळतंय किंवा इंजिन थंड चालतंय. एका अहवालापेक्षा लागोपाठच्या अहवालांतला चढ जास्त बोलतो. नमुना इंजिन गरम असताना, ऑइल काढताना पहिली धार सोडून, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्यावा आणि तासांचं मीटर लिहून ठेवावं.

गॅरेजातही दोन साध्या चाचण्या होतात. टीपकागदावर गरम ऑइलचा एक थेंब सोडून ठेवावा. काळेपणा हळूहळू बाहेर पसरला तर डिस्पर्संट अजून काम करतंय. मधोमध घट्ट काळा ठिपका आणि भोवती पिवळट कडं राहिलं तर त्याची ताकद संपली. तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकला आणि तो चरचरला, तर ऑइलात पाणी आहे. हे करताना डोळे आणि हात सांभाळावेत. वापरलेलं काळं ऑइल त्वचेला घातक असतं. ते जनावराच्या जखमेला लावणं, फळ्यांना फासणं किंवा ओढ्यात सोडणं थांबवावं; ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडंच गेलं पाहिजे.

माझी मागणी याच टप्प्यावर आहे. साखर कारखान्यात प्रयोगशाळा असते, साखरेचा उतारा रोज मोजला जातो, आणि वाहतुकीच्या ट्रॅक्टरांशी हंगामाआधी करार होतात. त्या करारात एक कलम घालता येईल: हंगामात दोनदा ऑइलचा नमुना, कारखान्यानं गोळा करून तपासायला पाठवायचा, खर्च वाहतूक बिलात दिसेल असा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेनं त्याची पद्धत आखून दिली तर एका तालुक्याचा प्रयोग दुसऱ्यापर्यंत पोहोचेल. माती परीक्षणाची सवय शेतकऱ्याला लागली, ती अहवालावरून खत ठरवता येतं हे कळल्यावर. ऑइल परीक्षणानंही तसंच ठरवता येईल: कुणाला फक्त वीस रुपयांची क्लिप हवी आहे, कुणाला नवा थर्मोस्टॅट, कुणाला ऑइल बदलायचे तास कमी करायला हवेत, आणि कुणाचं इंजिन चांगल्या १५डब्ल्यू-४० वर, एकाही बाटलीविना, निर्धास्तपणे पुढच्या हंगामापर्यंत जाऊ शकतं.